खोबरेल तेल, कोंडा आणि शाम्पूची पाच मिनिटे

प्रश्न : मी ३६ वर्षांची असून सांगली जिल्ह्यातील एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. रोज अकरा किलोमीटर स्कूटरने जाते. ऊन आणि धुळीमुळे डोक्याला ओढणी घट्ट बांधते आणि वर हेल्मेट घालते. केस कमरेपर्यंत आहेत, त्यामुळे फक्त रविवारी न्हाते. शनिवारी रात्री सासूबाई स्वतःच्या हाताने कोमट खोबरेल तेल डोक्यात जिरवून देतात. तरीही दोन वर्षांपासून कोंडा हटत नाही. रविवारी बरे वाटते आणि बुधवारपासून पुन्हा खाज सुटते. लिंबू, दही, मेथी, खाण्याचा सोडा हे सगळे करून झाले. मेडिकलमधून कोंड्याचा शाम्पू आणून चार वेळा लावला, फरक पडला नाही म्हणून सोडला. आता भुवयांत आणि कानांमागेही खपल्या धरतात. तिथे मेडिकलवाल्यांनी दिलेले मलम लावले की दोन दिवसांत जातात आणि आठवड्याभरात परत येतात. मागच्या महिन्यात पहिलीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, तुमच्या खांद्यावर खडू सांडलाय." त्या दिवसापासून मी गडद रंगाची साडी नेसणे सोडले आहे. सासूबाई म्हणतात, तेल कमी पडते. मला वाटते, माझी स्वच्छताच कमी पडत असावी. नेमके काय करावे?

ता. क. माझ्या सात वर्षांच्या मुलीच्या डोक्यातही मागच्या बाजूला रुपयाएवढा कोंड्याचा चट्टा आला आहे आणि तिथले केस तुटल्यासारखे दिसतात. माझ्यामुळे तिला लागला असेल का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी, ता. क. म्हणून लिहिली आहे. म्हणून उत्तराची सुरुवात मी तिथूनच करते. तुमच्या मुलीच्या डोक्यात आलेला चट्टा बहुधा कोंडा नाही, आणि तिला या आठवड्यातच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कोंडा होण्यासाठी डोक्याच्या त्वचेतील तैलग्रंथी कामाला लागलेल्या असाव्या लागतात. जन्मानंतरचे काही महिने त्या चालू असतात, म्हणून तान्ह्या बाळाच्या टाळूवर पिवळसर खपली धरते. पुढे त्या शांत होतात आणि वयात येताना पुन्हा जाग्या होतात. त्यामुळे सात वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसासारखा कोंडा होणे फारसे आढळत नाही, आणि तो झालाच तरी रुपयाएवढ्या एकाच गोल चट्ट्यात, केस तोडून बसत नाही. गोल चट्टा, त्यावर खपली आणि त्वचेलगत तुटलेल्या केसांचे खुंट ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली, की आम्ही पहिला संशय डोक्यातल्या गजकर्णाचा, म्हणजे नायट्याचा घेतो. घरातली वडीलधारी मंडळी याला चाई म्हणतील, पण चाईत केस गेलेली जागा गुळगुळीत आणि स्वच्छ असते, तिच्यावर खपली नसते.

डोक्यातल्या नायट्याची बुरशी केसाच्या आत शिरते. वरून लावलेले मलम किंवा शाम्पू तिथपर्यंत पोहोचत नाही, म्हणून या आजाराला पोटात घेण्याचेच औषध द्यावे लागते आणि तेही काही आठवडे, मुलीच्या वजनाप्रमाणे मात्रा ठरवून. डॉक्टर चट्ट्यावरची खपली आणि एक-दोन तुटके केस खरवडून काढतील आणि काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतील. हे काम काही मिनिटांचे आहे, मुलीला त्यात इजा होत नाही. उपचारासाठी केस कापण्याची किंवा गोटा करण्याची गरज नसते, हे तिला आधीच सांगून ठेवा, कारण मुली त्याच भीतीने रडतात. हयगय केली, तर मात्र त्या जागी पू धरलेली मऊ गाठ येऊ शकते, आणि ती भरून येताना व्रण राहिला तर तिथे पुन्हा केस उगवत नाहीत. तुमच्याकडचे ते दोन दिवसांत गुण देणारे मलम या चट्ट्यावर चुकूनही लावू नका. का, ते पुढे सांगते.

तुमच्यामुळे तिला हे झालेले नाही. कोंडा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. नायटा मात्र लागतो. एखाद्या मैत्रिणीचा कंगवा, टोपी, सामाईक उशी किंवा घरी आणलेले मांजराचे पिल्लू यांतून तो येऊ शकतो. तिचा कंगवा, टॉवेल आणि उशीचा अभ्रा आजपासून वेगळा ठेवा, आणि घरातल्या इतर मुलांची डोकी एकदा उजेडात, केस बाजूला करून पाहा. तुम्ही शिक्षिका आहात, म्हणून आणखी एक सांगते. वर्गात एखाद्याच्या डोक्यात असाच चट्टा दिसला, तर सर्वांसमोर न बोलता त्याच्या आईला बोलावून सांगा.

आता तुमच्याविषयी. तुमची स्वच्छता कमी पडत नाही, हे मी ठामपणे लिहिते. ज्या जिवामुळे कोंडा होतो, तो जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणसाच्या डोक्यावर वस्तीला असतो, माझ्याही आहे. ही यीस्टच्या जातीची एक सूक्ष्म बुरशी आहे. लुई-शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७४ मध्ये खपल्यांमध्ये ती पाहून तिचे वर्णन केले, आणि पुढे त्याच्याच नावावरून तिला मॅलॅसेझिया हे नाव मिळाले. ती आपल्या तैलग्रंथींतून पाझरणाऱ्या तेलावर जगते. त्या तेलाचे विघटन करताना जी आम्ले मागे उरतात, त्यांतले ओलेइक आम्ल काही जणांच्या त्वचेला मुळीच सोसत नाही. ज्यांची त्वचा ते सोसते, त्यांना काही जाणवत नाही. ज्यांची सोसत नाही, त्यांची त्वचा चिडते, खाजू लागते आणि घाईघाईने नव्या पेशी वर ढकलू लागते. एरवी त्वचेचा थर साधारण चार आठवड्यांत बदलतो आणि जुन्या पेशी एकेकट्या, डोळ्यांना न दिसता गळतात. घाई झाली की अर्धवट तयार झालेल्या पेशी एकमेकींना चिकटून पुंजक्यांनी सुटतात, आणि त्या पहिलीतल्या मुलाला खांद्यावर सांडलेल्या खडूसारखे जे दिसले ते हेच होते.

कोंडा हा शब्द आपल्याकडे धान्याच्या कोंड्यावरून आला, आणि मला वाटते, अर्धा घोटाळा तिथेच झाला. धान्याचा कोंडा कोरडा, हलका, फुंकरीने उडणारा असतो. त्यामुळे डोक्यातला कोंडाही कोरडेपणाने होतो आणि तेलाने बरा होतो, हे आपण मनाशी पक्के धरून बसलो. खरोखरच कोरड्या पडलेल्या त्वचेचाही भुसा निघतो, पण तो बारीक आणि पांढरा असतो, आणि त्या माणसाच्या हातापायांची त्वचाही तशीच रखरखीत असते. तुमच्या खपल्या भुवयांत आणि कानांमागे धरत आहेत. तिथल्या त्वचेत कोरडेपणा नसतो, उलट तैलग्रंथी भरपूर असतात. म्हणजे तुमचा हा कोंडा थोडा पुढे गेलेला, सेबोऱ्हिक डर्माटायटिस या नावाचा आहे. नाव मोठे असले, तरी घाबरण्याचे कारण नाही. मूळ तेच आहे आणि उपचारही बराचसा तोच आहे.

म्हणून सासूबाईंच्या तेलाविषयी मला स्पष्ट लिहावे लागते. डोक्याच्या त्वचेवर रात्रभर मुरवलेले तेल तुमचा कोंडा वाढवते. २००७ मध्ये या बुरशीच्या एका जातीचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा असे दिसले की चरबीतील आम्ले स्वतः तयार करण्याची सोयच तिच्यात नाही आणि ती सर्वस्वी बाहेरून मिळणाऱ्या चरबीवर अवलंबून आहे. प्रयोगशाळेत ती वाढवायची असेल, तर खाद्यावर ऑलिव्ह तेलाचा थर द्यावा लागतो. आपण दर शनिवारी रात्री जवळजवळ तेच करत असतो. तेल लावल्यावर बरे वाटते, कारण खपल्या भिजून त्वचेला चिकटतात आणि काही वेळ दिसत नाहीत. रविवारच्या न्हाण्याने वरच्या सुटतात. आतली बुरशी मात्र भरल्या पोटी असते, आणि तीन-चार दिवसांत, म्हणजे तुम्ही लिहिता त्याप्रमाणे बरोबर बुधवारी, खाज परत येते.

तरीही मी तेलाच्या विरोधात नाही. केस आणि डोक्याची त्वचा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेर दिसणारा केस निर्जीव असतो, तो वाळतो, घासला जातो, टोकाला फाटतो, आणि खोबरेल तेल केसाच्या आत शिरून त्याची झीज कमी करते, हे प्रयोगांत दिसलेले आहे. कमरेपर्यंतच्या केसांना त्याचा उपयोगच होईल. फक्त ते कानांच्या पातळीपासून खाली, लांबीला आणि टोकांना लावायचे, न्हाण्याआधी तास-दोन तास, आणि भांगात, मुळांशी लावायचे नाही. सासूबाईंना तेल बंद केले असे सांगू नका. शनिवारी रात्रीऐवजी रविवारी सकाळी त्यांच्यापुढे बसा आणि वेणीला तेल लावून मागा. वर्षानुवर्षे ज्या हातांनी माया केली, त्यांना डॉक्टरांनी मनाई केली असे कळले, तर त्या दुखावतील, आणि त्यांना दुखावण्याची काही गरज नाही.

आता शाम्पूकडे येते, कारण तो चार वेळा वापरून सोडलात, याचे मला खरोखर वाईट वाटले. औषध बहुधा बरोबर होते, वापरण्याची रीत तुम्हाला कोणी सांगितली नव्हती. आठवड्यातून एकदा, तेलाने माखलेल्या केसांवर, इतर शाम्पूसारखा फेस काढून मिनिटभरात धुऊन टाकला, तर त्यातले औषध त्वचेला लागतच नाही. केटोकोनाझोल हे बुरशीनाशक औषध २ टक्के असलेला शाम्पू घ्या, बाटलीवर घटक आणि प्रमाण छापलेले असते ते स्वतः वाचा. तो आठवड्यातून दोनदा, मध्ये तीन दिवसांचे अंतर ठेवून, सलग चार आठवडे लावायचा आहे. तुमच्यासाठी रविवार सकाळ आणि गुरुवारी शाळेतून आल्यानंतरची वेळ सोयीची ठरेल. तुम्ही गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

लावण्याची पद्धत बारकाईने सांगते. न्हाण्याआधी मोठ्या दातांच्या कंगव्याने केसांचा गुंता सोडवून घ्या. आधी साध्या शाम्पूने किंवा शिकेकाईच्या पाण्याने केस एकदा धुवा, म्हणजे तेल, घाम आणि धूळ निघून जाईल. शिकेकाई या कामाला चांगली आहे, फक्त पूड गाळून तिचे पाणी घ्या, जाड भरड चिडलेल्या त्वचेवर चोळू नका. मग ओले केस निथळून, मेंदी लावताना करतो तसे, बोटाने कपाळापासून मागे एक भांग पाडा, त्या रेषेवर शाम्पूचे चार-पाच थेंब टाका आणि बोटाच्या पेराने, नखाने नव्हे, त्वचेवर हलके फिरवा. दोन बोटे सोडून दुसरा भांग, मग तिसरा, असे करत मानेपर्यंत या. एकूण दोन चहाचे चमचे शाम्पू पुरतो. तो केसांच्या लांबीला लावू नका, तिथे त्याचे काही काम नाही, उलट केस रखरखीत होतील. उरलेला फेस भुवयांवरून आणि कानांमागून फिरवा, डोळे मात्र घट्ट मिटा. आता मोबाइलवर पाच मिनिटांचा गजर लावा आणि तोवर अंगाची अंघोळ उरका. औषध ते याच पाच मिनिटांत आहे. गजर झाला की भरपूर पाण्याने, पण कढत पाण्याने नव्हे, डोके धुवा. लांबीला हवे तर कंडिशनर लावा.

गुरुवारी एवढे केस वाळायचे कसे, हा तुमचा प्रश्न मला इथूनच ऐकू येतो. जाड टॉवेलऐवजी जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा तुकडा घेऊन केस टिपा, झटकू नका, आणि पंख्याखाली मोकळे सोडा. ओल्या केसांचा अंबाडा किंवा घट्ट वेणी घालून झोपू नका, विशेषतः पावसाळ्यात, कारण मुळाशी राहिलेला दमटपणा याच बुरशीच्या पथ्यावर पडतो. घट्ट ओढणी आणि हेल्मेटच्या आतही तसेच होते. हेल्मेट सोडावे, असे मी कदापि म्हणणार नाही. ओढणी पातळ सुती घ्या आणि रोज धुतलेली बांधा, हेल्मेटचे आतले अस्तर सुटे होत असेल तर आठवड्याला धुवा, आणि शाळेत पोहोचल्यावर पाच मिनिटे केस मोकळे करून मगच वर्गावर जा.

दुसऱ्या आठवड्यात खाज कमी होईल. खपल्या त्यानंतर आटोक्यात येतील, म्हणून दोन वेळा लावून निकाल लावू नका. चार आठवड्यांनंतर हाच शाम्पू दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला एकदा, असा चालू ठेवायचा, आणि एरवी साध्या शाम्पूने न्हायचे. कोंडा कायमचा मुळापासून काढणारे औषध माझ्याकडे नाही आणि दुसऱ्या कोणाकडेही नाही. ही बुरशी आपल्या त्वचेची रहिवासी आहे, तिला हुसकून लावता येत नाही, फक्त तिची संख्या आवाक्यात ठेवता येते. थंडीत, फार ताणाच्या दिवसांत किंवा जागरणांनंतर कोंडा पुन्हा डोके वर काढेल. तेव्हा दोन-तीन आठवडे पुन्हा आठवड्यातून दोनदा लावायचा. केटोकोनाझोल सोसला नाही, तर झिंक पायरिथिऑन किंवा सेलेनियम सल्फाइड असलेले शाम्पू आहेत. सेलेनियम वापरताना अंगठ्या आणि बांगड्या काढून ठेवा, त्याने दागिने काळवंडतात.

घरगुती उपायांबद्दल थोडक्यात लिहिते. लिंबाचा रस डोक्याला लावून उन्हात स्कूटर चालवली, तर कपाळावर ओघळलेल्या रसाचे काळे डाग पडू शकतात, आणि खाजवून सोललेल्या त्वचेवर तो झोंबतो तो वेगळाच. खाण्याचा सोडा अल्कधर्मी आहे, तर आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते, म्हणून सोड्याने तिचे संरक्षक आवरण बिघडते. दही आणि मेथीने केस मऊ लागतात, तेवढे खरे, पण त्यांनी कोंड्यावर औषधाइतका परिणाम केल्याचे मी माझ्या दवाखान्यात कधी पाहिलेले नाही.

राहिले ते मलम. दोन दिवसांत खपल्या जातात आणि आठवड्यात परत येतात, हे वर्णन वाचूनच मला त्यात स्टेरॉइड असावे, अशी शंका आली. स्टेरॉइड त्वचेची चिडचिड दाबते, बुरशीला मारत नाही. भुवयांवर, म्हणजे डोळ्यांच्या इतक्या जवळ, ते महिनोन्महिने लावत राहिल्यास त्वचा पातळ होते, तीवर बारीक लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि डोळ्यांतला दाबही वाढू शकतो. नायट्यावर तर ते फारच वाईट, कारण वरची खूण पुसते आणि खाली बुरशी निर्धास्त पसरते. तुमच्या मुलीबाबत मी वर बजावले ते याचसाठी. चेहऱ्यासाठी सौम्य बुरशीनाशक मलम मिळते आणि स्टेरॉइडची गरज पडलीच, तर हलक्या जातीचे, मोजक्या दिवसांपुरते, डॉक्टर देतील. मेडिकलवाल्यांच्या सांगण्यावरून पुन्हा ते आणू नका.

चार आठवडे वर लिहिल्याप्रमाणे नीट करूनही फरक पडला नाही, तर मलाही निदानाचा फेरविचार करावा लागेल. खपली जाड आणि चंदेरी असेल, कपाळावर केसांची हद्द ओलांडून खाली उतरत असेल, कोपर-गुडघ्यांवरही तशीच असेल किंवा नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे असतील, तर तो सोरायसिस असू शकतो. केस काळे करण्याचा डाय लावल्यानंतर एक-दोन दिवसांत खाज भडकत असेल, तर तो डायचा दोष समजून तो थांबवा. कोंड्यात केस थोडे जास्त गळतात, पण त्याने टक्कल पडत नाही. दिवसाला ५० ते १०० केस तर कोणाचेही गळतात, आणि आठवड्यातून एकदाच न्हाणाऱ्या बाईला ते सगळे एकाच दिवशी मोरीत दिसतात.

मुलीला घेऊन जाल, तेव्हा स्वतःलाही दाखवून घ्या. ती मलमाची नळी आणि शाम्पूची बाटली सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना घटक वाचता येतील. जाण्याआधी दोन-तीन दिवस दोघींच्याही डोक्याला तेल लावू नका. तेलाखाली खपली दिसत नाही, आणि मुलीच्या चट्ट्यावरून खरवडून घ्यायच्या नमुन्यात तेल आले, तर सूक्ष्मदर्शकाखाली त्याचेच थेंब दिसत राहतात.